जळकुकडीचा गुडघा

प्रिय शेपटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी दचकशील. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाईनं पत्र टाकलं म्हणजे कुणीतरी गेलं तरी असणार, नाहीतर कोर्टात तरी जायचं असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे जिवंत आहेत, हे नेहमीसारखे पेपर वाचता वाचता घोरताहेत. तुला करायला म्हणून फोन मी हातात घेतला होता, खोटं कशाला सांगू. पण हल्ली फोनवर माझा आवाज कसा लागतो ते मला ठाऊक आहे. नुसतं 'कशी आहेस' म्हटलं तरी त्यात टोमणा वाजतो. परवा भाजीच्या दुकानात तू इतक्या मायेनं गुडघ्याची चौकशी केलीस, आणि मी 'मस्त' म्हणून वजनकाट्याकडे बघत राहिले. त्यावर तू तरी काय बोलणार? लिहिताना निदान खोडता येतं. तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती शेवटी सांगणार आहे. तू दात भरायच्या आधी कीड कोरून काढतेस ना, तसं मलाही आधी काहीतरी कोरून काढायचं आहे. तेव्हा आ करून बस आणि मध्ये बोलू नकोस.

तर कीड अशी, की मी जळते आहे. टोपीबाईवर. तिचं नाव तू मला कितीदा तरी सांगितलंस, पण ते माझ्या तोंडात बसतच नाही. ती पांढरी टोपी, तिच्या मागच्या भोकातून बाहेर काढलेली ती वेणी, आणि धावताना ती वेणी अशी काही हलते की जणू सगळ्या तळ्याला टाटा करते आहे. अक्कलदाढ काढायला तुझ्या दवाखान्यात आली आणि जाताना तुलाच घेऊन गेली. तिला दम लागत नाही. तिला घाम येतो तोही दिसायला बरा येतो. कमरेच्या पट्ट्याला पाण्याची बाटली काय, मनगटावर ते घड्याळ काय! एकदा माझी चौकशी करायला ती आमच्याकडे फळांची पिशवी घेऊन आली होती, हे तुला तिनं सांगितलं का? नसेल सांगितलं. हातचं काम टाकून तासभर बसली, आमच्या ह्यांच्याशी गप्पा मारल्या, जाताना कपबशी विसळून ठेवली. चांगली आहे गं ती, आणि तेच तर माझ्या नाकाला झोंबतं. वाईट असती तर आपण दोघींनी मिळून तिला नावं ठेवली असती आणि विषय मिटला असता.

तुला आठवतंय का, तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलीस तेव्हा पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करायला आणलं होतंस, दवाखाना उघडायच्या आदल्या आठवड्यात. ते टांगायलाही मलाच यावं लागलं, कारण तू टांगलंस ते एवढं तिरकं की पेशंटची मान वाकडी झाली असती. शिडीच्या चार पायऱ्या चढून तू धापा टाकत होतीस. मी म्हटलं, डॉक्टर, दात राहू द्या, आधी फुप्फुसांचं बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे, मी रोज पळायचे त्या तळ्याच्या फाटकाशी तू उभी! त्या दिवशी आणि पुढचे कित्येक महिने मी पुढे आणि तू मागे, म्हणून मी तुला शेपटी म्हणायला लागले. हळूहळू तू माझ्या बरोबरीला आलीस. त्याच हिवाळ्यात बांधावर बसून केळं खाताना तू मला सांगितलंस, की लहानपणच्या तापात तुझा डावा कान गेला आहे. दवाखान्यात कुणालाच माहीत नाही, खुर्ची तू मुद्दाम अशी लावून घेतली आहेस की पेशंट कायम उजवीकडे येतो. मला म्हणालीस, कुणाला सांगू नकोस, लोक बहिरी दातवाली म्हणतील. मी कुणाला सांगितलं नाही. नुसती दुसऱ्या दिवसापासून तुझ्या उजव्या बाजूनं धावायला लागले.

आता गुडघ्याची गोष्ट. तू म्हणशील, ती मला माहीत आहे, मीच तर तुला तपासून घ्यायला पाठवलं. पण सगळी माहीत नाही तुला. सुरुवातीला दुखायचं ते धावायला लागल्यावर नाही, चांगलं अंग गरम झाल्यावर. पंपघर ओलांडलं की उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी, तापलेली तार टेकवल्यासारखं व्हायचं. थांबलं की गायब. पुन्हा पळालं की हजर. बांधावरून खाली उतरताना तर जीव जायचा. पाय ताठ ठेवून चाललं की बरं वाटायचं, म्हणून उतारावर मी तुला 'हो पुढे' म्हणायचे आणि बुटाची लेस बांधायचं नाटक करायचे. न सुटलेली लेस मी त्या दिवसांत जेवढ्या वेळा बांधली असेल, तेवढ्या वेळा तर बालवाडीतली मुलंही बांधत नाहीत. आमच्या घरच्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, वय झालं, झीज आहे, चालायचंच. मग मी स्वतःची अक्कल चालवली. स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूला असं काही लाटलं की मांडी काळीनिळी झाली. हे म्हणाले, बघ हं, उद्या त्याच लाटण्यावरचं मला खायचं आहे.

शेवटी तू मला फिजिओकडे ढकललंस. तुझीच पेशंट ती, माझ्या भाचीच्या वयाची, पण हात असे की बोटांनाच डोळे असावेत. तिनं मला कुशीवर झोपवलं, गुडघा वाकवला, बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याजवळ अंगठा दाबून धरला आणि पाय सावकाश सरळ करत नेला. एका ठरावीक ठिकाणी पाय आला आणि मी ओरडले. ती म्हणाली, हेच ना? मी म्हटलं, हेच, आता सोड. मग तिनं एका पायावर उभं केलं आणि आरशात दाखवलं. उजव्या पायावर उभी राहिले की माझी डावी कंबर खाली जात होती. शेपटे, चौकट केसभर तिरकी असली तरी मला पलीकडच्या भिंतीवरून दिसते, आणि मी स्वतःच एवढी तिरकी उभी राहते हे मला कधी दिसलं नव्हतं. तिनं समजावलं ते असं, की कमरेपासून मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा गुडघ्याखालपर्यंत येतो. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले आणि पळणं मात्र वाढत गेलं, की दर पावलाला त्या पट्ट्याखालचा भाग हाडाशी दाबला जातो आणि चिडतो. झीज नाही, वय नाही, सांधा ठणठणीत आहे. दुखतं गुडघ्यात, पण दोष वर खुब्यात. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुझं बाकीचं दुखणं तर पोटात आहे, त्याला काय दिलं तिनं?

पण तिनं आणखी एक विचारलं होतं, ते मी तुला सांगितलं नाही. माझे जुने बूट उलटे करून तिनं तळवे पाहिले आणि विचारलं, रस्त्याच्या कुठल्या बाजूनं पळता? मी म्हटलं, उजव्या. नेहमी? नेहमी. आणि फेरी नेहमी एकाच दिशेनं? हो, तळं डाव्या हाताला. मग रस्ता सपाट आहे का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बघून सांगते. संध्याकाळी चौकटी सरळ टांगायला लागते ती दुकानातली पाणपातळी पिशवीत घालून तळ्यावर गेले आणि रस्त्यावर टेकवली. बुडबुडा सरळ एका टोकाला! पावसाचं पाणी बाहेरच्या गटारात जावं म्हणून सगळा रस्ता बाहेर उतरता केला आहे, आणि कडेला तर चांगलाच. इतकी वर्षं माझा उजवा पाय रोज खालच्या बाजूला पडत होता. पुढच्या खेपेला फिजिओ म्हणाली, सोपं आहे, मैत्रिणीशी बाजू बदला. मी म्हटलं, ते जमणार नाही. ती म्हणाली, का? मी म्हटलं, तिला सवय नाही. तुझ्या कानाचं मी तिलाही सांगितलं नाही. मग ती म्हणाली, बरं, एक दिवसाआड उलटी फेरी मारा, म्हणजे उतार दोघींत वाटला जाईल. एवढं साधं! आपल्या दोघींच्या डोक्यात ते कधी आलंच नाही, कारण आपण धावायला जायचो की बोलायला, हेच आपल्याला कधी ठरवता आलं नाही.

तर धावणं बंद, आणि व्यायाम चालू. कुशीवर झोपून वरचा पाय मागे नेऊन उचलायचा, तोही भिंतीला टाच घासत, म्हणजे लबाडी करता येत नाही. पायांत रबरी पट्टा अडकवून खेकड्यासारखं दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायचं आणि तसंच परत यायचं. एका पायावर उभं राहून हळूहळू बसायचं. इतके कंटाळवाणे व्यायाम आहेत की सांगता सोय नाही. नुसती विश्रांती घेतली की दुखणं जातं आणि पळायला लागलं की तसंच परत येतं, हे मी एकदा करून बसले होते, म्हणून या वेळी मुकाट्यानं केले. ते करत असतानाच तुझा फोन आला. गावातल्या पुलांवरून होते त्या शर्यतीत आपण दोघींनी नावं दिली होती, टी-शर्ट छापून घेतले होते, आणि तू जरा अडखळत विचारलंस, तुझी जागा वाया जाण्यापेक्षा तिला दिली तर चालेल का? मी म्हटलं, दे की, त्यात काय! असं हसत म्हटलं की मलाच माझं कौतुक वाटलं. फोन ठेवला आणि खेकडा चालत स्वयंपाकघरात गेला तो तिथेच बसून रडला. आणि त्या रविवारी, शर्यत अजून लांब असताना, सरावालाच माझा टी-शर्ट घालून ती तुझ्याबरोबर धावताना दिसली. तिला तो सैल होत होता. तेवढंच एक समाधान.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बांधाचा उतार, त्याच्या पायऱ्या आणि फाटक एवढं सगळं दिसतं, हे तुला माहीतच आहे. रोज पहाटे चहाचा कप घेऊन मी तिथे असते. हे म्हणतात, अशीच खिडकीला लटकून राहिलीस तर एक दिवस पडदा समजून धुवायला टाकीन. मी सगळं बघते. तुम्ही दोघी किती वेगानं येता, कोण आधी थांबतं, कोण कुणाला पाणी देतं. आणि मला हेही दिसलं, की ती तुझ्या डाव्या बाजूनं धावते. सारखी बोलत असते, हातवारे करत असते, आणि तू हसतेस. पण तू जरा उशिरा हसतेस, शेपटे. तिचा चेहरा बघून हसतेस. तू तिला कानाचं सांगितलेलं नाहीस, हे मला त्या खिडकीतून कळलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दिवसभर दुकानात गुणगुणत होते. एका गिऱ्हाईकानं विचारलं, आज काही विशेष का? जिच्या धावण्याला नावं ठेवायला जागा नाही, तिला एवढी साधी गोष्ट माहीत नाही आणि मला माहीत आहे. मी त्यावर चार दिवस जगले.

नंतर तुला बांधावर गाठून मी म्हटलं, की ती तुला फार पळवते आहे, तुझं अंतर एकदम वाढलं आहे. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, तुला ना, तिचं काहीच चांगलं दिसत नाही. शांतपणे म्हणालीस, म्हणूनच लागलं. आणि खरंच होतं ते. ती तुला पळवते आहे हे मी तुझ्या काळजीनं म्हटलं होतं की पोटातल्या आगीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. मला आता फिजिओनं थोडं थोडं पळायची परवानगी दिली आहे, दुसऱ्या मैदानावर, सपाट मातीवर. तेही मी तुला सांगितलं नाही. म्हटलं, हिला काय पडलं आहे.

आणि काल सकाळी मी तुला उतारावरून येताना पाहिलं. ती पुढे होती, फाटकाशी पोचून पाय ताणत होती. तू मागे होतीस, उजवा पाय ताठ ठेवून, बाहेरून फेकत. पायऱ्यांपाशी कठड्याला हात लावलास. कठड्याला हात लावताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. मग तिची पाठ आहे असं बघून तू खाली वाकलीस आणि लेस बांधायला लागलीस, आणि दुसऱ्या हाताचा तळवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरलास. रोज ती डावीकडे, मधल्या कमी उताराच्या भागात, आणि तू उजवीकडे, उतरत्या कडेला. फेरी तीच, दिशा तीच. खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल तर हे, की आता हिची शर्यत गेली आणि टोपीबाईची सोबतही गेली. गार वाटलं मला. कप खाली ठेवेपर्यंत वाटलं. मग तू सरळ उभी राहिलीस, तिच्याकडे बघून हसलीस आणि काही न झाल्यासारखी चालायला लागलीस, आणि ते गार वाटणं तिथेच संपलं. कारण तू ते लपवणार, हे मला कळलं. तू शर्यतीपर्यंत ओढणार. इतके दिवस अंगावर काढलंत कशाला म्हणून पेशंटवर खेकसणारी तू, अगदी तेच करणार. आणि मी सांगायला आले असते तर तू म्हणाली असतीस, आली ही, तिला माझं पळणं बघवत नाही. म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं. माझ्या पोटात जे जे होतं ते सगळं वर मांडून ठेवलं आहे, टी-शर्ट सैल होतो इथपर्यंत. ते सगळं तू वजा कर. माझ्यावर रागव, हसायचं तर हस, पण वजा कर. त्यानंतर जे उरेल तो फक्त तुझा उजवा गुडघा आहे. तो दुखतो आहे. आता थांबलीस तर थोडक्यात सुटशील, शर्यत पळालीस तर माझ्यासारखी सगळा हंगाम खिडकीत बसशील. शर्यत ती एकटी पळेल. मी कडेला उभी राहून तिच्यासाठी टाळ्यासुद्धा वाजवीन, दात ओठ खात का होईना. पण तू उद्या धावू नकोस; म्हणून तर पाकीट आजच तुझ्या दाराखालून सरकवते आहे. फिजिओची उद्या संध्याकाळची वेळ मी तुझ्यासाठी मागून ठेवली आहे. टोपीबाई म्हणेल, मी येते सोबत. म्हणेलच ती, चांगली आहे. तिला नको म्हण. मला ने.

तुझीच,
खिडकीतली